साडेबाराची सावली

सर माणसाकडे बघण्याआधी त्याच्या सावलीकडे बघत. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस असो, मतदार यादी तपासायला आलेल्या बाई असोत की स्वतःचे जावई, सर त्यांना ओट्यावरून अंगणात उतरवत, उन्हात उभं करत आणि जमिनीकडे बघून निकाल देत. "लांब आहे. अजून वेळ आहे." किंवा, "आखूड झाली. आता बसा इथंच, गप्पा उन्हात मारू." जावई बडोद्याचे, मोठ्या हुद्द्यावरचे. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना वाटलं, सासरे आपले बूट बघतायत.

नियम सोपा होता. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर ऊन नुसतं उजेडाचं. आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं. तिरप्या उन्हातले कामाचे किरण हवेतच जिरून जातात, कातडीपर्यंत येत नाहीत, असं सर सांगत. काम म्हणजे कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणं. सरांच्या लेखी उन्हाला दुसरं काम नव्हतं. कपडे वाळतात, पापड वाळतात, ते फुकटचं.

सर आता नाहीत. नंदुरबारला त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो, अजून राहतो. सर खाली एकटे असत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. माझा धंदा मिरचीचा. गाव म्हसावदकडचं, शेती धाकटा भाऊ करतो, मी शहराबाहेर एक छोटी पथारी चालवतो. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. हिवाळाभर जमीन लाल असते. बायका मिरची उलटतात, देठ खुडतात, पांढरी पडलेली वेगळी काढतात. चार-साडेचार किलो ओली मिरची पसरली की वाळून किलोभर हाती येते. माझं आयुष्य या गुणोत्तरात गेलं आहे, त्यामुळे जे मोजता येतं त्यावर माझा विश्वास लवकर बसतो. सरांवर बसला तो सावलीमुळेच.

रोज सकाळी सर प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन आमच्या दारावरून गच्चीवर जात. चारी पाय वर, मधे सरांचं टक्कल. तासाभरानं तशीच खाली. मी एकदा म्हटलं, "सर, खुर्ची वरच राहू द्या ना."

"उन्हात राहिली तर ठिसूळ होते. मी उन्हात राहिलो तर घट्ट होतो. दोघांचा स्वभाव वेगळा, एकत्र ठेवता येत नाही."

उन्हाळ्यात मात्र ते सकाळी लवकर जात आणि लगेच उतरत. आमच्याकडचा मे महिना त्यांना ठाऊक होता. "औषध आहे म्हणून बाटली तोंडाला लावायची नसते," म्हणत.

त्यांचा दुसरा छंद म्हणजे "पोचलं का?" हा प्रश्न. जेवण झालं की बहुतेक लोक पोट भरलं का विचारतात. सर विचारत, पोचलं का? मुलीशी फोनवर बोलणं संपलं की, "मी जे बोललो ते पोचलं का?" कुणी म्हणालं की मी कॅल्शियमच्या गोळ्या घेतो, तर सरांचा चेहरा कुणी शिवी दिल्यासारखा होई. "घेता. पण पोचतं का? आतडं म्हणजे शरीराच्या आतून गेलेला बाहेरचा रस्ता आहे. रस्त्यावरनं गाडी गेली म्हणजे माल घरात आला का?"

कॉलेजात 'ड जीवनसत्त्व कॅल्शियम शोषून घेते' असं उत्तर लिहिणाऱ्याला ते शून्य देत. ते शोषून घेत नाही, शोषायला लावतं, हा त्यांचा मुद्दा. शून्य मिळालेल्यांपैकी एक पुढे डॉक्टर झाले, त्यांचा दवाखाना आमच्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. सर समोरून जाताना दिसले की इतक्या वर्षांनीही ते पेशंट सोडून उठून उभे राहत.

मला त्यांनी हे सगळं जिन्यावर बसून शिकवलं. मी मागितलं नव्हतं. दूध घेऊन वर चाललो होतो, सरांनी पिशवी हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "बसा. यातलं कॅल्शियम तुमच्या हाडात कसं जाणार ते सांगा." मला येईना. त्यांनी तापी काढली.

"तुमच्या मामाच्या गावाला नाव होती ना तापी ओलांडायला?"

"होती."

"आतड्याची एक पेशी म्हणजे तेवढी नदी. अलीकडच्या काठाला अन्न, पलीकडच्या काठाला रक्त. अलीकडच्या काठाला एक दार आहे, त्यातून कॅल्शियम आत शिरतं. पण आत त्याला मोकळं सोडता येत नाही. पेशीत कॅल्शियमचं दुसरं काम असतं, निरोप देण्याचं. इतकं कॅल्शियम मोकळं सुटलं तर शाळेची घंटा दिवसभर वाजत राहिल्यासारखं होईल. पोरांनी बसायचं की घरी पळायचं? म्हणून एक प्रथिन असतं, ते त्याला धरतं, नावेत बसवतं आणि गुपचूप पलीकडे नेतं. तिथे पंप असतो. तो जोर लावून त्याला रक्तात ढकलतो. दार, नाव, पंप."

"मग ड जीवनसत्त्व यातलं कोणतं?"

सर इतके खूश झाले की दूध जवळजवळ सांडलंच. "कोणतंच नाही! ते हुकूम आहे. उन्हानं कातडीत तयार होतं, यकृतात एक शिक्का, मूत्रपिंडात दुसरा, आणि मग पेशीच्या केंद्रकात जाऊन सांगतं, दारं बसवा, नावा बांधा, पंप वाढवा. हुकूम नसला की नावाडी कमी. माल काठावर पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्हाला ठाऊकच आहे, कुठल्या वाटेनं जातो."

नंतर ते म्हणाले, "खोटं सांगणार नाही. दोन पेशींच्या मधे बोळ असते, तिथून थोडं घुसतं. खूप खाल्लं तर बरंच घुसतं. पण बोळीवर संसार चालत नाही."

मी हे डॉक्टरांकडून पडताळून घेतलं. ते म्हणाले, शब्द न् शब्द बरोबर आहे, आणि हे उत्तर मला तेव्हा आलं असतं तर!

सरांचा एक सण होता, तो आमच्या गल्लीशिवाय कुठेच होत नसेल. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी ते सगळ्यांना गच्चीवर बोलवत, साडेबाराला. "घड्याळ देशाचं आहे, दुपार गावाची," हे दर वर्षी सांगत. आपल्याकडे त्या दिवशी सूर्य सर्वांत वर येतो तो बाराला नाही, साडेबाराला. आणि त्या क्षणी माणसाची सावली बरोबर त्याच्या उंचीएवढी पडते. बाकी कुठल्याही दिवशी मध्यान्हीची सावली त्याहून आखूडच. "पृथ्वीवर नंदुरबार अशा जागी बसलंय की वर्षातल्या सर्वांत वाईट दिवशीसुद्धा आपण पास. काठावर, पण पास!" मग तिळाचे लाडू. पहिल्या वर्षी मी टेप घेऊन गेलो, कारण मला खात्री करायची होती. माझी उंची आणि सावली यांत बोटभर फरक निघाला. सर म्हणाले, "तुमची मान वाकडी होती." पुढच्या वर्षी मान सरळ ठेवली. फरक निघाला नाही. तेव्हापासून टेप माझ्याकडे.

मंगल, म्हणजे माझी बायको, त्या सणाला जिना चढून यायची आणि लाडू करून आणायची. तीन वर्षांपूर्वी ती आली नाही.

तिचं दुखणं हळूहळू आलं होतं. आधी कंबर, मग मांड्या, मग बरगड्या दाबल्या तरी कळ. जमिनीवरून उठायचं तर दोन्ही हात मांड्यांवर टेकून स्वतःवरच चढत गेल्यासारखी उठायची. जिना चढताना कठड्याला धरून बाजूनं चढायची. कुणी आमवात म्हणालं, कुणी मणक्याची गादी. कॅल्शियमच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू होत्या, दूध चालू होतं. मी रोज बघत होतो की आत किती जातंय, आणि रोज बघत होतो की ती कालच्यापेक्षा हळू उठतेय. हिशेब जुळत नव्हता.

ती फार बोलणारी नाही. एका संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाली, "मन्ही माय अशीच व्हती. आधी कठडा धरे, मंग भिंत धरे, मंग खाट धरी. खाटवरथून उठनीच नही." आणि भाकरी उलटवली. तिची आई गेली तेव्हा मंगल माहेरीच होती, शेवटची दोन वर्षं तिनंच तिला उचलून बसवलं होतं. तिला काय दिसत होतं ते मला कळलं.

मी सरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, तिला अंगणात उठायला-बसायला लावलं.

"लक्षणं सगळी नावाडी नसल्याची आहेत," म्हणाले. "रक्ताला कॅल्शियम ठरावीक लागतंच. आतड्यातून आलं नाही तर शरीर हाडातून काढतं. घर चालवायला दागिने मोडतात तसं. पण हुकूम कमी कसा असेल? ही हिवाळाभर पथारीवर असते. या गावात हिच्याइतकं ऊन फक्त मिरचीला मिळतं."

मलाही तेच वाटत होतं. डॉक्टरांनाही सरांचं पटलं. ड जीवनसत्त्वाची तपासणी राहून गेली, कारण उन्हातल्या बाईला ती कोण करायला सांगेल? त्याऐवजी आतड्याचाच दोष असेल म्हणून सर पुस्तकं काढून बसले. खुर्ची डोक्यावर घ्यायचेही विसरले. मला सुरतेच्या मोठ्या दवाखान्याचा पत्ता दिला. आम्ही जायची तयारी केली.

जायच्या आधल्या दिवशी सर पथारीवर आले. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते, मिरचीच्या खकाण्यानं त्यांना शिंका येत. तिला आणखी एक विचारायचं होतं म्हणे, दूध पचतं का. मी वजनकाट्यापाशी होतो, मला ते उशिरा दिसले. मैदानात लाल मिरची, आणि तिच्यात दहा-बारा बायका वाकलेल्या. प्रत्येकीच्या अंगात साडीवरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या, हातात मोजे, पायात मोजे, डोक्याला आणि तोंडाला ओढणी गुंडाळलेली. फक्त डोळे उघडे. मिरचीचं तिखट अंगाला लागलं की रात्रभर आग होते, म्हणून इथे सगळ्या अशाच असतात. मंगल तशीच. मीही लग्न झाल्यापासून तिला पथारीवर तशीच बघत आलो होतो.

मंगलला ते सूनबाई म्हणत. सर पहिल्या बाईपाशी गेले. "सूनबाई?"

तिनं नकारार्थी मान हलवली. दुसरीपाशी गेले. "सूनबाई?"

ती हसली. तिसरी गुलीबाई होती, आमच्याकडची सर्वांत जुनी, डोंगराकडची, जीभ मिरचीहून तिखट. "सर, आठे समद्याच कोनी ना कोनी सूनबाई शेत. तुम्हले कोनती जोयजे?"

बायका हसायला लागल्या. सर मैदानाच्या मधे उभे, धोतराला मिरच्या चिकटलेल्या, आणि एकेका डोळ्यांच्या जोडीकडे बघतायत. मंगल शेवटच्या ओळीत होती. तिनं हात वर केला, "सर, मी आठे शे!"

सर तिच्याकडे गेले नाहीत. तिथेच एका पोत्यावर बसले. मला वाटलं, शिंका. मी पाणी घेऊन धावलो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिरचीचं का कशाचं ते सांगता येत नाही.

"ऊन हिच्यावर पडतंय," मला म्हणाले, "पण पोचतंय कुठे हो? मी वर्षानुवर्षं सावली बघितली. हिची सावली आखूड आहे, पास आहे. बाई कुठे आहे त्याच्यात?"

सुरत राहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे रक्त दिलं. अहवाल आला, ड जीवनसत्त्व इतकं खाली होतं की डॉक्टरांनी तो कागद सरांकडे न्यायला मलाच सांगितलं, स्वतः गेले नाहीत. इतकं रिकामं झाल्यावर नुसत्या उन्हानं भागत नाही, म्हणून त्यांनी औषधाचे डोस लिहून दिले. कॅल्शियम चालूच राहिलं. "आता नावाडी येतील," सर म्हणाले, "पण मोडलेले दागिने परत घडवायला वेळ लागतो. घाई करायची नाही." वर्षही लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मंगलनं मला विचारलं, "खरंच उठसू का मी?" मी हो म्हणालो. मला माहीत नव्हतं.

पण सरांना एकटी मंगल दिसत नव्हती. पथारीवर तिच्यासारख्या सगळ्याच. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, नाकाला रुमाल बांधून. "शर्ट काढायला सांगता येणार नाही, आग होईल. जेवायच्या सुट्टीत काय करतात?"

"छपरात बसतात. सावलीला."

"हात उघडे करून बाहेर बसल्या तर?"

गुलीबाईनं ऐकलं. "रस्तावरथून ट्रकवाला जातस, सर. त्याहीनं देखाना का आम्हना हात?"

सरांनी दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी मला जिन्यावर बसवून एक खोली समजावून सांगितली. भिंती हव्यात, छप्पर नको. वारा जिकडून येतो तिकडच्या कोपऱ्यात, म्हणजे खकाणा येणार नाही. आत पाण्याचं पिंप, आधी हात धुवायचे. माणसासारखं माणूस, विना छपराची खोली बांधा म्हणतोय, असं माझ्या भावाला वाटलं. मी बांबू रोवले आणि जुन्या साड्या बांधल्या. पहिले दोन दिवस आत कुणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गुलीबाई गेली, शर्ट काढला, बाह्या वर केल्या, पाठ उन्हाला दिली, आणि आतून ओरडली, "अरे, मन्हा हात तं गोरा शे व!" मग सगळ्या गेल्या. जेवणं तिथेच व्हायला लागली. आतून इतकं हसू येई की मला बाहेर वजन चुकायची भीती.

त्या पावसाळ्यात सर पडले. अंगणातल्या शेवाळावर. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पायावर काही ते आले नाहीत. मुलगी बडोद्याला न्यायला आली होती. सर म्हणाले, डिसेंबरनंतर. कारण विचारलं तर म्हणाले, "परीक्षा आहे."

दरम्यान मंगल जिना सरळ चढायला लागली होती. कठडा धरून, पण सरळ. बरगडीची कळ गेली. जमिनीवरून उठताना मात्र हात अजून मांड्यांवर जात. सर खाटेवरून रोज विचारत, "पोचतंय का?" ती म्हणायची, "पोची ऱ्हायनं, सर. हळूहळू." जेवणाचा डबा त्यांना तीच देई. एकदा मी खाली गेलो तर ती सरांची उशी उन्हाच्या तिरिपेकडे सरकवत होती आणि सर म्हणत होते, "खिडकीच्या काचेतून नको बेटा, काच कामाचे किरण अडवते." ती म्हणाली, "मंग काच फोडी टाकू का?" दोघं हसत होते.

सर्वांत लहान दिवस आला. गच्चीवर सरांना नेणं शक्य नव्हतं. मंगलनंच सुचवलं. आम्ही त्यांना चाकाच्या खुर्चीसकट टेम्पोत घातलं आणि पथारीवर नेलं. पण त्या वेळी विना छपराच्या खोलीत बायका बसलेल्या, हात उघडे, पदर सैल. मी दाराशी अडखळलो. आतून गुलीबाई म्हणाली, "सरले येऊ द्या. सर तं सावली देखतस, माणूस देखतसच नही!"

हसण्यात सर आत गेले. मी दाराशी, टेप हातात घेऊन. मंगल जमिनीवर अंथरलेल्या पोत्यावर बसून सरांना थाळीतून लाडू देत होती. साडेबारा होत आले.

"मी तर बसलेला," सर म्हणाले. "माझं माप काय घेणार? सूनबाई, तू उभी राहा."

मंगल उठली. दोन्ही हातांत लाडवांची थाळी होती, ती खाली ठेवायचं तिच्या ध्यानात आलं नाही. नुसती उठली. पाय जवळ घेतले, पुढे झुकली आणि उभी राहिली, थाळीतला एकही लाडू न हलता. उभी राहिल्यावर तिला कळलं. तिनं थाळीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, मग माझ्याकडे.

तिची सावली जमिनीवर नीट पडली होती. मी टेपचं टोक तिच्या टाचेशी धरायला वाकलो. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते खाली बघत नव्हते. तिच्या तोंडाकडे बघत होते, जणू ती नुकतीच त्यांच्या दारात पहिल्यांदा आली आहे.

"पोचलं," सर म्हणाले.

थोड्या वेळानं गुलीबाईनंच आठवण केली. "सर, सावली सरकी गयी ना!"

"जाऊ दे," सर म्हणाले आणि लाडवाला हात पुढे केला.

बाकी सगळ्या वर्षांची मापं माझ्याकडे आहेत. त्या वर्षाचं नाही.